जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गियरबॉक्स: दुरुस्त करायचा की गाडी सोडायची? कोकणात गाडी वापरणाऱ्यांसाठी

गाडी दहा-बारा वर्षांची, ऑटोमॅटिक. चढावर मधूनच आरपीएमचा काटा वर उडतो आणि गाडी मात्र ओढत नाही. गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो, चावी परत देतो आणि म्हणतो, "बॉक्स गेला, साहेब." पुढचा आकडा लाखातला असतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हल्ली हे बरंच ऐकू येतं. पुण्या-मुंबईत दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता सेकंडहँड होऊन किंवा निवृत्त चाकरमान्यांबरोबर गावी आल्या आहेत. मॅन्युअलचा क्लच बदलणारा मेस्त्री प्रत्येक तिठ्यावर मिळतो. ऑटोमॅटिक बॉक्स उघडून परत बसवलेला माणूस हवा असेल तर बहुतेकांना कोल्हापूर, बेळगाव, गोवा नाहीतर पनवेल गाठावं लागतं. त्यामुळे इथे प्रश्न नुसता दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. गाडी घाटावर न्यायची कशी, आणि महिन्याभराने पुन्हा बिघडली तर परत न्यायची कशी, हेही त्यात आलं.

पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेल्यांसाठी खाली क्रमाने लिहिलं आहे. क्रम मोडू नका. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत आणि बऱ्याच गाड्यांचा निकाल तिथेच लागतो.

पायरी १: बॉक्सचा विषय बाजूला ठेवा, आधी गाडीखाली जा

किनाऱ्यावरच्या गाडीचं वय मी पत्र्यावरून ठरवतो, किलोमीटर नंतर बघतो. खारा वारा बारा महिने, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि चाकाच्या कमानीत बसून ओल धरून ठेवणारा लाल चिखल. हर्णै किंवा मिरकरवाड्याकडे रोजचं येणं-जाणं असेल तर माशांच्या टेम्पोतून रस्त्यावर गळणारं खारं पाणीही तुमच्याच गाडीच्या पोटाला लागतं. इंजिन आणि बॉक्स नवे बसवता येतात. सडलेली चौकट बदलता येत नाही, म्हणजे येते, पण जुन्या गाडीला तो खर्च कोणी करत नाही.

वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर घ्या, खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या आणि वाळल्यावर टॉर्च व जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उभे राहा. दारांच्या खालून चाकापासून चाकापर्यंत जाणारी पट्टी, पुढची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं ती लोखंडी चौकट), सस्पेन्शनचे आर्म जिथे बोल्ट केलेत ती जागा, मागचा अ‍ॅक्सल, ब्रेकचे पाइप आणि स्टेपनीचा खड्डा बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो, सडलेल्याचा आवाज बद्द येतो. वरवरचा तांबूस गंज सगळ्याच गाड्यांना असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. गंज पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत असेल, किंवा सबफ्रेममध्ये टोक आत जात असेल, तर गियरबॉक्सवर एक रुपयाही घालू नका. मधलं सगळं सोडून शेवटचा "सोडायची ठरली तर" हा भाग वाचा.

खाली उभे आहातच तर बॉक्सही बाहेरून बघून घ्या. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सकडे पोचवणारा प्रकार, पायरी २ बघा) बऱ्याच गाड्यांत बॉक्समधून रेडिएटरकडे तेल थंड करायला दोन बारीक पाइप जातात. आपल्याकडे ते गंजून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, तेल थेंबथेंब जातं, पातळी खाली येते आणि चढावर बॉक्स स्लिप होतो, म्हणजे आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही. पाइप बदलून तेल भरलं की काही गाड्या पूर्ववत चालतात. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी आणि खालच्या पॅनच्या कडेने तेलकट ओल आहे का, तेही बघा.

गाडी २०२१ नंतर सेकंडहँड घेतली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. त्या वर्षीच्या २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले होते, आणि त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटचे रूळ गंजलेत का आणि कार्पेटखाली बारीक गाळ आहे का, तेही बघा. बॉक्सला हवा घ्यायला वर एक छोटी नळी असते. गाडी बुडली की तिथूनच पाणी आत जातं.

पायरी २: तुमच्या गाडीत कुठला बॉक्स आहे ते ओळखा

"ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं येतात. त्यांचे रोग वेगळे, खर्च वेगळे आणि माझा सल्लाही वेगळा.

लिव्हरवर पी नसेल, फक्त आर, एन, डी, एम असेल, तर ती बहुधा एएमटी. आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधा क्लच असतो. क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्चुएटर करतो. २०१४ साली सेलेरिओपासून ही पद्धत आपल्याकडे घराघरात पोचली. ही दुरुस्त करा, असं मी बहुतेक वेळा सांगतो. क्लच प्लेट घासली तर खर्च मॅन्युअलच्या आसपासच राहतो. फक्त प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. तो स्कॅनर ज्याच्याकडे नाही त्याला काम देऊ नका. अ‍ॅक्चुएटरच गेला असेल तर आकडा चढतो, तरी सहसा गाडी सोडण्याइतका नाही.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुना, जाणता प्रकार. चार गियरची आय-टेन किंवा आधीची डिझायर, २००८ ते २०१३ मधली पाच गियरची सिटी, इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही ५००. आतल्या क्लच प्लेट, सील आणि सोलेनॉइड (तेलाच्या वाटा उघडझाप करणारे विजेवरचे वॉल्व्ह) सुटे मिळतात, आणि बॉक्स उघडून बांधणारे लोक घाटावर आहेत. पत्रा चांगला असेल तर याच्यावर खर्च केलेला वाया जात नाही.

सीव्हीटीत गियरच्या पायऱ्या नसतात. दोन पुलींमध्ये धातूचा पट्टा फिरतो. जोरात पळवली की आरपीएम एका जागी थांबतो आणि वेग मात्र वाढत राहतो. २०१४ नंतरची सिटी, बलेनो, मायक्रा यांत तो होता. निगा राखली तर वर्षानुवर्षं चालतो. पण पट्टा आणि पुली चरली की नुसती दुरुस्ती फारशी टिकत नाही, बहुतेकदा अख्खा बॉक्सच बदलायची वेळ येते. इथे लक्षण लवकर पकडण्याला सगळ्यात जास्त किंमत आहे.

चौथा प्रकार ड्युअल क्लच, म्हणजे आळीपाळीने काम करणारे दोन क्लच. पोलो जीटी टीएसआयचा सात गियरचा कोरडा डीएसजी, फोर्डच्या २०११ च्या फिएस्टाचा आणि सुरुवातीच्या इकोस्पोर्टचा पॉवरशिफ्ट हे ओळखीचे. चालवायला झकास. बिघडला की विशेष हत्यारं, विशेष स्कॅनर आणि तो हाताळलेला माणूस लागतो. गावात शिकाऊ हाताने तो उघडू देऊ नका. फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, शेवरोलेची विक्री त्याआधीच २०१७ मध्ये बंद झाली. सुटे भाग मिळतात, पण आठवडे थांबायची तयारी ठेवून हिशोब करा.

पायरी ३: बॉक्सच्या बाहेरचे चोर

बॉक्सच्या नावावर खपणारे बरेच दोष बॉक्सच्या बाहेरच असतात. खर्च चार आकडी आहे, पाच आकडी की सहा आकडी, हे इथे कळतं.

सगळ्यात आधी बॅटरी. एएमटी आणि ड्युअल क्लच या दोघांनाही व्होल्टेज पडलेलं अजिबात चालत नाही. गाडी मे महिन्यात आणि गणपतीत चालते, बाकी वर्षभर मांगरात झाकून ठेवलेली असते. अशा गाडीची बॅटरी तपासल्याशिवाय पुढचं काहीच बोलू नये. माझ्या मावसभावाच्या सेलेरिओत पावसाळ्यात एन लुकलुकायचा आणि गियर पडायचाच नाही. एका गॅरेजने अ‍ॅक्चुएटरचं कोटेशन हातात दिलं होतं. कुडाळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीचं टर्मिनल उपसलं, तर आत हिरवट-पांढरी भुकटी. अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी अर्धी खाल्लेली. "पयला ह्यां बघूया, मगे बॉक्स," म्हणाला. गरम पाण्याने टर्मिनल धुतलं, कोरडं केलं, घासलं, ग्रीस लावलं, पट्टी नवी टाकली. एन लुकलुकायचा थांबला. सगळ्याच गाड्यांचं असं होत नाही. पण तपासायला दहा मिनिटं लागतात आणि खाऱ्या हवेत हा दोष नेहमीचा आहे.

गाडी पी मधून निघतच नाही? मागे कोणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबून बघा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकच्या पेडलवरचा स्विच गेला असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेक दाबला आहे हे गाडीला कळल्याशिवाय ती पी सोडत नाही.

डी टाकल्यावर धक्का बसतो? इंजिनचं आणि बॉक्सचं माउंटिंग फाटलंय का बघा. रबर फाटलं की इंजिन उचल खातं आणि धक्का बॉक्सचा वाटतो.

वायरिंगला उंदीर लागलेत का, हेही बघा. भाताचं कणगं जवळ असलेल्या पडवीत गाडी उभी असेल तर याची शक्यता शहरातल्यांना वाटते त्यापेक्षा खूप जास्त आहे. बॉक्सकडे जाणारे कनेक्टर उघडून आत पाणी, हिरवी पूड किंवा लाल माती आहे का बघायला सांगा. चाकाजवळच्या सेन्सरला चिखल लागला तरी काही गाड्यांचे गियर वेडेवाकडे पडतात.

पायरी ४: तेल

आता बॉक्सची वेळ. तेल बघणं हीच इथली खरी परीक्षा आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

जुन्या टॉर्क कन्व्हर्टरना डिपस्टिक असते. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम करा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकेकदा फिरवून पी वर आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पातळी बघतात. होंडाच्या जुन्या बॉक्सना इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच खरं. डिपस्टिक नसेल तर पातळी खालून, तेलाचं तापमान मोजत बघावी लागते. ते घरी करण्याचं काम नाही.

डिपस्टिकचं टोक पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि डाग पसरू द्या. उजेडात बघा, गॅरेजच्या पिवळ्या बल्बखाली नको. डाग लालसर, स्वच्छ आणि कडेपर्यंत एकसारखा पसरला तर तेल ठीक. तपकिरी झालंय पण वास साधा तेलाचाच आहे, तर तेल म्हातारं झालंय, बॉक्स कदाचित नाही. काळं, मधोमध घट्ट ठिपका आणि भोवती फिकट कडं, त्यात जळका वास, म्हणजे क्लच प्लेट जळून तेलात उतरल्यात. बोटांच्या चिमटीत घासून बघा. खरखर लागली किंवा उन्हात चकाकणारे कण दिसले तर धातू सुटतोय. आणि तेलाचा रंग सोलकढीसारखा आला असेल तर आत पाणी गेलंय, पुराचं किंवा रेडिएटरमधलं. अशी गाडी सुरूही करू नका. क्लच प्लेटचं अस्तर पाण्याने सुटतं.

तेल बदलायचं तर कंपनीने सांगितलेलंच. टोयोटाचं वेगळं, होंडाचं वेगळं, ह्युंदाईचं वेगळं, आणि सीव्हीटीचं तर या सगळ्यांहून निराळं. लाल दिसतं म्हणून दुकानातलं कुठलंही ओतलं की चांगला सीव्हीटी बिघडायला वेळ लागत नाही. डबा सीलबंद बघा, नाव वाचा, फोटो काढून ठेवा.

टॉर्क कन्व्हर्टरचं तेल खालचा बोल्ट काढून एकदा सोडलं की सगळं निघत नाही. बरंच कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. म्हणून काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलायचं. मशीनने जोर लावून फ्लश करायला मी जुन्या बॉक्सला नको म्हणतो.

"जुन्या बॉक्सचं तेल बदललं की बॉक्स मरतो," असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बहुतेकदा घडतं ते असं: बॉक्स आधीच स्लिप होत असतो, शेवटचा उपाय म्हणून मालक तेल बदलतो, आठवड्याभरात बॉक्स बसतो आणि आळ तेलावर येतो. माझा नियम सरळ आहे. तपकिरी तेल आणि बारीकसारीक झटके असतील तर बदला, बऱ्याचदा फरक पडतो. काळं, जळकं तेल आणि गाडी स्लिप होतेय, तर तेलाचे पैसे वाचवा. घासलेली प्लेट तेलाने भरून येत नाही.

"लाइफटाइम तेल, बदलायचं नसतं," असं कंपनीचं कोणी म्हणालं तर आपल्या घाटांचा विचार करा. उष्णता हाच या तेलाचा शत्रू. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली चढणाऱ्या गाडीचं तेल सपाटीवरच्या गाडीइतकं टिकत नाही.

पायरी ५: चालवून बघा, पण घाटात नाही

बॉक्सवर संशय असताना "बघू या, चढते का" म्हणून साखरप्यावरून आंबा घाट धरू नका. मध्येच बंद पडली तर क्रेनचं भाडं वेगळं, आणि वळणावर उभी राहिली तर जिवाला धोका. गावाजवळचा एखादा चढ पुरेसा आहे.

सकाळी थंड गाडी सुरू करा, ब्रेक दाबून एन मधून डी टाका. गियर लागल्याची हलकी जाणीव साधारण लगेच व्हायला हवी. दोन सेकंदांहून जास्त थांबावं लागलं तर आतल्या तेलाचा दाब बहुधा कमी आहे. आर लाही तेच करा. नुसता रिव्हर्सच मेला असेल आणि पुढचे गियर ठीक असतील तर दोष बहुतेक आतच. गाडी गरम झाल्यावर पुन्हा बघा. थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर स्लिप होणारी गाडी झीज दाखवते. थंड असताना धक्के देणारी आणि मग सुरळीत होणारी अजून वाचवता येते.

६० ते ८०च्या वेगात, हलक्या पायाने चालवताना रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते का? टॉर्क कन्व्हर्टर असेल तर एक युक्ती आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला किंचित स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. तेवढ्याने कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि बॉक्स थेट जोडून धरणारा आतला क्लच) सुटतं. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या क्लचचा. तशीच राहिली तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा, इंजिन मिस होत असेल.

पायरी ६: स्कॅनर

काहीशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिन वाचतो. बॉक्सचा कंप्युटर मात्र बऱ्याचदा वाचत नाही. चांगला स्कॅनर असलेल्याकडे जा आणि कोडचा फोटो घ्या. पी०७०० हा कोड म्हणजे नुसती चिठ्ठी आहे: बॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी नोंदलंय, तिकडे बघा. तेवढ्या एका कोडवर बॉक्स गेल्याचा निकाल देणाऱ्याकडून चावी परत घ्या. पी०७३० गियरचं प्रमाण चुकल्याचं सांगतो, पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपचं. सोलेनॉइडचे कोड आले तर बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर बॉक्समध्ये ते बॉक्स खाली न उतरवता बदलता येतात. हा फरक पाच आकडी आणि सहा आकडी खर्चाचा आहे.

शक्य असेल तर पॅन उघडून चुंबक बघायला सांगा आणि स्वतः हजर राहा. चुंबकावर राखाडी बारीक लगदा असणं स्वाभाविक आहे. तुकडे, टवके दिसले तर खेळ आतला आहे.

पायरी ७: कोटेशन घेताना

कोल्हापूर असो की पनवेल, आकडा फोनवर मागून उपयोग नाही. कोड, तेलाच्या डागाचा फोटो आणि लक्षणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मग विचारा. बॉक्स बांधताना कन्व्हर्टर धरलाय का? कूलर आणि त्याचे पाइप साफ करणार की जुन्या कचऱ्यासकट जोडणार? शेवटची ओळख स्कॅनरने करून देणार ना? जुने भाग परत देणार? गॅरंटी किती महिने, किती किलोमीटर, आणि ती कागदावर? आणि खास आपला प्रश्न: गॅरंटीत असताना गाडी दापोलीत बंद पडली तर घाटावर न्यायचा खर्च कोणाचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा काय म्हणतो त्यावरून तो स्वतःच्या कामावर किती विश्वास ठेवतो ते कळतं.

सेकंडहँड बॉक्स स्वस्त पडतो, आणि एएमटी व टॉर्क कन्व्हर्टरला चालतोही. पण तो कुठल्या गाडीतून काढला, ती का मोडली, हे विचारा. बसवण्याआधी त्यातलं तेल टिश्यूवर बघा. पुरातल्या गाडीचा बॉक्स पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कुठल्याही गॅरेजला निवांत वेळ नसतो. घाईत बांधलेला बॉक्स नको. एक तर जुलैतच काम द्या, नाहीतर गौरी-गणपती विसर्जनानंतर.

पायरी ८: आता पाटी-पेन्सिल

लोक दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडतात. निम्म्याहून जास्त झाला की सोडा, असा नियम सांगतात. मला तो अपुरा वाटतो. तुम्हाला गाडी विकायची नाही, वापरायची आहे. तेव्हा पुढच्या तीन वर्षांत कुठल्या वाटेने किती पैसे जातील ते मोजा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गाडी आहे त्या अवस्थेत ९०,००० ला जाईल. बॉक्स ८५,०००, घाटावर ने-आण १२,०००, आणि तीन वर्षांत टायर, सस्पेन्शन वगैरे ४०,०००. म्हणजे खिशातून १,३७,०००, आणि आज न विकल्यामुळे हातचे गेलेले ९०,०००. एकूण २,२७,०००. पत्रा चांगला असेल तर तीन वर्षांनी गाडी १,२०,००० ला जाईल. तीन वर्षांचा खरा खर्च १,०७,०००.

दुसरी वाट: ३,५०,००० ची त्यातल्या त्यात बरी सेकंडहँड गाडी, वर नावावर करणं आणि किरकोळ कामं २०,०००. तीन वर्षांनी ती २,२०,००० ला गेली तर खर्च १,५०,०००. म्हणजे दुरुस्ती ४३,००० ने स्वस्त.

आता यातला एकच आकडा बदला. पत्रा सडलेला आहे, तीन वर्षांनी गाडीचे भंगाराचे २५,०००च येणार. दुरुस्तीची वाट २,०२,००० वर जाते आणि दुसरी गाडी स्वस्त पडते. बॉक्सचा खर्च तोच, माणूस तोच, गॅरंटी तीच. पहिल्या पायरीवर स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जायला सांगितलं ते याचसाठी.

तुमचे खरे आकडे टाकताना नोंदणीची तारीखही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कारसाठी त्याचं शुल्क २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं, त्यावर पर्यावरण कर. पत्रा खाल्लेली गाडी एमएच-०८ असो की ०७, आरटीओत फिटनेसला घेऊन जाताना तुमचीच छाती धडधडेल. १५ वर्षं पुरी व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं असेल तर बॉक्सचा खर्च तेवढ्याच काळावर वाटला जाईल, असं धरून चाला.

घरात एकच गाडी आहे आणि दवाखाना ३० किलोमीटरवर, तर "स्वस्त पण बेभरवशाची" ही वाट काट मारून टाका. दारात दुसरी गाडी असेल तर थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही.

मधल्या काळात

निर्णय होईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. एएमटीचा क्लच याच सवयीने जळतो. घाट उतरताना एम, एल किंवा २ वापरा.

बंद पडली तर दोरी बांधून टोचन करू नका. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासले जातात. चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा, निदान ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती तरी वर उचलायला सांगा.

विम्याकडून बॉक्सच्या झिजेचे पैसे मिळत नाहीत, यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेला असतो. पुराचं पाणी शिरलं असेल तर प्रकरण वेगळं. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, मात्र बुडालेली गाडी तुम्ही सुरू करून बघितलीत की त्यातून झालेलं पुढचं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. इंजिन-गियरबॉक्सचं वेगळं संरक्षण घेतलंय का, तेही तपासा. रस्त्यावरच्या मदतीचं कलम असेल तर टोचनाचा काही भार तिथे निघतो, किलोमीटरची मर्यादा वाचून ठेवा.

सोडायची ठरली तर

दोष लपवून विकू नका. आपल्याकडे घेणारा बहुधा कोणाचा तरी पाहुणा निघतो. कोटेशनचा कागद दाखवा आणि तेवढे पैसे भावातून वजा करा, सौदा लवकर जुळतो. एएमटी असेल तर स्थानिक मेस्त्रीच घ्यायला पुढे येतात. ड्युअल क्लच आणि सीव्हीटीला शोरूमच्या एक्सचेंजमध्ये विचारून बघा. तिथला भाव कमी वाटला तरी घाटावर ओढत न्यायचा खर्च वाचतो.

पत्राच गेला असेल तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. ओळखीच्या भंगारवाल्याला तशीच दिली तर चासी नंबर कोणाच्या तरी दुसऱ्या गाडीवर फिरत राहतो आणि आरसीवर नाव तुमचंच. विकत देत असाल तर फॉर्म २९ आणि ३० सही करून झेरॉक्स ठेवा, तारीख आणि वेळ घातलेली पावती घ्या, विमा कंपनीला कळवा. फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेत बंद करा, नाहीतर नवा मालक मुंबईला जाताना टोल तुमच्या खात्यातून भरेल.